मोझांबिकच्या तुरीतलं पाखरू

ताटात चौदा पतंग होते. नऊ अखंड. दोघांना डोकं नव्हतं, दोघांना पोट नव्हतं, आणि चौदावा म्हणजे नुसता एक उजवा पुढचा पंख होता. पण पंख आहे म्हणजे निदान एक पतंग होऊन गेला, असं धरून मी त्यालाही मोजला. याशिवाय सुटे पाय एकोणीस, मिशी एक आणि तुरीचा दाणा एक. दाणा पतंग नव्हता, पण ताटात होता. सगळे पतंग मेलेले होते. दाण्याबद्दल मी खात्रीने काही सांगू शकत नाही.

ताट इनॅमलचं, पांढरं, कडेला निळी रेघ असलेलं. लातूरच्या एका डाळ मिलच्या ऑफिसात ते गादीवर मधोमध ठेवलं होतं आणि भोवती तिघं बसले होते: मिलचे मालक मल्लिनाथअप्पा, तपासणी खात्याचे वीरेश साहेब, आणि डाळीला पॉलिश करणारे मिस्त्री पाशामियाँ. चौथी मी.

मी सुमय्या. नांदेडला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, कीटक हा विशेष विषय घेऊन. लातूरला एका क्लासमध्ये मुलांचे डाउट सोडवायची नोकरी करते. मुलं प्रश्न घेऊन रांगेत उभी राहतात आणि चार पर्यायांपैकी तीन चूक का, ते मी सांगते. चौथा बरोबर का, हे सहसा कुणी विचारत नाही. अप्पांची नात पुनम त्या रांगेत असायची. तिने आजोबांना सांगितलं की आमच्या मॅडमना किडे ओळखता येतात. तेवढ्यावर अप्पांनी क्लासच्या दारात ऑटो पाठवला.

भानगड अशी होती. अप्पांनी या हंगामाची सगळी तूर मोझांबिकहून मागवली होती. बंदरावर धुरी देऊन पोती लातूरला आली, आणि पहिल्या थप्पीतली पोती फोडली तेव्हा तुरीबरोबर हे पतंग निघाले. धुरीमुळे मेलेलेच. नेमके त्या वेळी वीरेश साहेब गोदामात उभे होते. त्यांच्याकडे किड्यांची एक यादी होती. यादीतला किडा मालात सापडला, मेलेला का असेना, तर माल आला त्या वाटेने परत पाठवायचा. यादीत आफ्रिकेतला एक पतंगही होता, ज्याची अळी तुरीच्या शेंगा पोखरते. त्याचं वर्णन एका ओळीत दिलेलं: रंग राखाडी, पुढच्या पंखावर दोन काळे ठिपके.

वीरेश साहेब तिशीचे, देगलूरकडचे, फार सभ्य. "हे बघा मॅडम," ते म्हणाले, "राखाडी हाय. ठिपका मात्र एकच दिसून राहिला. दोन असते तर आत्ताच्या आत्ता माल परत. एकबी नसता तर आत्ताच्या आत्ता सुटला. एक हाय. मी काय करू?"

"एक हाय तर अर्धा माल सोडा," अप्पा म्हणाले.

"अर्ध्याचा कॉलम न्हाई, अप्पा."

मी भिंग लावून बघितलं. पुढच्या पंखावर बाहेरच्या बाजूला एक ठिपका, आणि जिथे दुसरा असायला हवा तिथे पिवळसर रंगाची एक बारीक कोर. नखाच्या कडेसारखी. अखंड नऊही पतंगांना ती होती. कोर मूळचीच आहे, की प्रवासात ठिपका घासून निघाल्यावर उरलेला तो काठ आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पंखावरचे खवले बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. मी तसं सांगितलं. आणि जे मनात आलं होतं तेही सांगून टाकलं, की कोर मूळची असेल तर हा यादीतला पतंग नाही. त्याचा भाऊबंद आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून कुणी त्याचं वर्णन केलेलं नाही. नवी जात.

"म्हणजे त्याला नाव न्हाई?" वीरेश साहेबांनी विचारलं.

"अजून नाही."

"मग तो गोदामात हाय, असं मला लिहिता येत न्हाई. लिहायला नाव लागतं. नाव न्हाई म्हणजे किडा न्हाई. किडा न्हाई म्हणजे माल सुटला."

"झालं की मग!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. ताटातली मिशी जागेवरून हलली.

"पण नाव न्हाई, हे कुणीतरी सिद्ध करावं लागंल," साहेब म्हणाले. "ही जात यादीतल्यापेक्षा वेगळी हाय, असं मॅडमनी मापानिशी दाखवावं. तवर गोदामाला सील."

अप्पा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नव्याला नाव कोण ठेवतं?"

"जो वर्णन लिहितो तो."

"सोताचं?"

"स्वतःचं ठेवत नाहीत. दुसऱ्याचं ठेवतात."

अप्पांनी बंडीची गुंडी लावली. "मल्लिनाथ बसंल का त्यात?"

"शेवटी ई लावली की बसेल. मल्लिनाथी."

"मल्लिनाथी," अप्पा म्हणाले. मग एकदा पाशामियाँकडे बघून म्हणाले, "मल्लिनाथी."

"माशाल्ला," पाशामियाँ म्हणाले.

"नाव लागलं की उद्या यादीतबी जाऊ शकतं, अप्पा," वीरेश साहेब म्हणाले. "पुढच्या साली बंदरावर लिहितील, मालात मल्लिनाथी सापडला, माल परत करा."

अप्पांनी गुंडी काढली. "मग साहेबांचं ठेवा."

"त्याला खात्याची परवानगी लागंल," साहेब म्हणाले.

मला कामाला म्हणून तीच ऑफिसची खोली मिळाली. क्लासमध्ये एक सूक्ष्मदर्शक होता. प्रवेशाच्या दिवसांत फोटो काढण्यापुरता तो कपाटाबाहेर यायचा. तो मी मागून घेतला. मोजमापासाठी डोळ्याकडच्या भिंगात बसवायची काचेची पट्टी लागते, ती नांदेडला विभागातल्या सरांकडे होती. सरांनी ती माझ्या भावाला, फरहानला दिली आणि फरहानने चपलेच्या खोक्यात भरून लातूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली. सरांनी सोबत यादीतल्या पतंगाचं मूळ वर्णनही मोबाईलवर पाठवलं. ते १९३४ सालचं होतं, आणि लिहिणाऱ्याने यादीपेक्षा पुष्कळच जास्त मेहनत घेतली होती.

मिल बंद होती. यंत्रांचा आवाज नसल्यामुळे गौरम्माचा आवाज सगळीकडे ऐकू यायचा. गौरम्मा डाळ निवडणाऱ्या बायकांची मुकादम, उदगीरकडची. बायका रोज वेळेवर येऊन ओट्यावर बसत आणि निवडायला काही नाही म्हणून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघत.

"मॅडम," ती पहिल्याच दिवशी दारात येऊन म्हणाली, "अप्पा बोलायचे न्हाईत, मी बोलते. ही तूर परत गेली तर दुसरी आणायला अप्पांच्यात दम न्हाई. मिलला कुलूप. आम्ही चाळीसजणी हाव. ते पाखरू दुसऱ्याच जातीचं हाय असं म्हणा की."

"असेल तर म्हणेन."

"आणि नसलं तर?"

"नसेल तर नाही म्हणेन."

"अय्यो शिवने," गौरम्मा म्हणाली आणि ओट्यावर जाऊन चाळीसजणींना सांगून आली.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट तपासली. पतंगाला सोंड नव्हती, तोंडाच्या जागी नुसता एक उंचवटा होता. ही बातमी चहा घेऊन आलेल्या अप्पांना मी सहज सांगितली, आणि ते चहा तसाच हातात धरून अंगणात पळाले.

"ऐका, साहेब! त्याला तोंडच न्हाई! तोंड न्हाई तर तूर खाईल कशानं?"

मला मागोमाग जावं लागलं. "अप्पा, खाते ती अळी. पतंग झाल्यावर तो खात नाही. यादीतल्या पतंगालाही तोंड नाही."

"मग जगतो कशावर?"

"लहानपणी खाल्लेल्यावर."

अप्पांनी चहाचा घोट घेतला. "आमचा धाकटा भाऊ तसाच हाय," ते म्हणाले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला क्लासमध्ये उशीर झाला. आनुवंशिकतेवर रांग लांब होती. मिलमध्ये पोचले तेव्हा वीरेश साहेब आधीच गादीवर बसलेले होते आणि पाशामियाँ ताटाशेजारी उभे होते. मुलाच्या निकालादिवशी बाप शाळेच्या दारात उभा असतो तसे.

ताटात नऊ पतंग होते. सगळे एका रांगेत, डोकी एकीकडे. ते चमकत होते. पंख काचेसारखे झाले होते आणि त्यांतून ताटाची निळी रेघ दिसत होती. राखाडी रंग नव्हता. ठिपका नव्हता. कोर नव्हती.

"चाचा," मी म्हणाले, "हे काय केलं?"

"साफ करको रख्या बेटा," पाशामियाँ म्हणाले. "कित्ती चुनी होती अंगावर! हात लावला की उडायची. मी म्हणलं, आज साब येणार, धुळीचा माल साबसमोर ठेवायचा क्या? मऊ फडकं घेतलं, एक थेंब तेल लावलं, हळूहळू. एकाचाबी पाय मोडला न्हाई. देख ले."

खरंच एकही पाय मोडला नव्हता. पाशामियाँ तीस वर्षं तुरीला तेलपाण्याचा हात देत आले होते, आणि लातूरच्या बाजारात न पुसलेला नमुना गिऱ्हाइकापुढे ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान. पतंगाच्या पंखावरची भुकटी म्हणजेच त्याचा रंग, ठिपके, सगळी ओळख, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. मला वाटलं होतं, झाकण ठेवलं की पुरे.

"आणि तुटके? ते पाच कुठायत?"

"खंडा वेगळा काढला," ते म्हणाले. "नंबर एकच्या मालात खंडा ठेवत न्हाईत, बेटा."

"वेगळा म्हणजे कुठे?"

"चुनीत."

चुनी म्हणजे डाळीचा बारीक चुरा, तो जनावरांना घालतात. मी मागच्या अंगणात गेले. अप्पांची म्हैस शांतपणे रवंथ करत होती. मी परत आले.

ऑफिसात तोवर वीरेश साहेबांनी पेन काढलं होतं. "पुढच्या पंखावर ठिपके," ते स्वतःशी पुटपुटले आणि नऊही पतंग एकेक करून निरखले. "शून्य." त्यांनी मान वर केली. "मॅडम, यादीतल्याला दोन. इथं शून्य. माल सुटला."

अप्पांनी डोळे मिटून हात जोडले. दारात गौरम्मा उभी होती, तिने मागे वळून चाळीसजणींना हाताने उठायची खूण केली.

आता मला जे बोलायचं होतं ते कुणालाच ऐकायचं नव्हतं, मलासुद्धा.

"साहेब, ठिपके नाहीत असं नाही. ते पुसले गेलेत. परवा तुम्हीच एक बघितलात."

"परवा बघितला, पण पंचनामा केला न्हाई. आज करून राहिलो."

"माझ्या मोबाईलमध्ये फोटो आहेत."

"फोटोत काय हाय?"

"एक ठिपका आणि एक कोर."

"म्हणजे परत एकावरच आलो," साहेब वैतागून म्हणाले. "मॅडम, शून्य लई सोपं हाय. शून्याला कॉलम हाय."

अप्पांनी डोळे उघडले. "बाई," ते म्हणाले. आत्तापर्यंत ते मला मॅडम म्हणत होते. "तुमी माझ्या बाजूच्या का त्या पाखराच्या?"

"अप्पा, शून्य ठिपक्यांचा पतंग असं मी वर्णन लिहिलं तर तो जगात पुन्हा कुणाला सापडणार नाही. तो फक्त पाशाचाचांच्या फडक्याखाली सापडतो. आणि समजा हा यादीतलाच असला, एखादं अंडं कुठल्या फटीत जगलं असलं, आणि पुढच्या साली औशापासून निलंग्यापर्यंत शेंगा पोखरलेल्या निघाल्या, तर तुम्हाला इथली तूरही मिळणार नाही."

"मग काय करू? म्हशीला इचारू?"

पाशामियाँ भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यांना आत्ता कुठे कळलं होतं. "पंखावरून न्हाई ओळखता येत तर दुसऱ्या कशावरून न्हाई का ओळखता येणार, बेटा?" त्यांनी विचारलं. "मी पंखांवरच फडकं मारलं. बाकी हात न्हाई लावला. कसम से."

येत होतं. पतंगांच्या दोन जाती अगदी सारख्या दिसल्या, तर कुठलाही अभ्यासक शेवटी तिथेच येतो. मी फक्त ते या चौघांसमोर बोलायचं टाळत होते.

"पोटाच्या टोकाला," मी म्हणाले, "नराला दोन पकडी असतात. चिमट्यासारख्या. मादीला धरण्यासाठी. प्रत्येक जातीच्या पकडीचा आकार आणि लांबी वेगळी असते, म्हणजे परक्या जातीशी जुळत नाही. कुलूप आणि किल्ली. ते मोजलं की सांगता येतं."

अप्पा छताच्या पंख्याकडे बघू लागले. पाशामियाँ "तौबा" म्हणाले, पण फार हळू, कारण विचारलं त्यांनीच होतं. वीरेश साहेबांनी लिहायला घेतलं आणि थांबले.

"अवयव, असा कॉलम हाय," ते म्हणाले. "काय लिहू?"

"नराचं जननेंद्रिय."

"मागचा भाग, लिहितो," साहेब म्हणाले.

"हे असलं," अप्पा पंख्याला म्हणाले, "माझ्या गादीवर?"

"टेबलावर करीन, अप्पा."

"करा," ते म्हणाले. "पण पुनमला सांगू नका."

"पुनमच्या अभ्यासक्रमात आहे, अप्पा."

नर ओळखायला पंखांचे खवले लागत नाहीत. मागच्या पंखाच्या मुळाशी एक राठ केस असतो, तो पुढच्या पंखात अडकतो आणि दोन्ही पंख एकत्र हलतात. नराला तो एकच आणि जाड, मादीला दोन-तीन आणि बारीक. तेलाने त्याला काही होत नाही. मी नऊही पतंग भिंगाखाली घेतले. आठ माद्या. एक नर.

"एकच?" वीरेश साहेब म्हणाले.

"डोकं नसलेल्या दोघांत असेल आणखी एखादा," मी म्हणाले. सगळ्यांनी खिडकीतून म्हशीकडे बघितलं.

"तो एक लहान होता," पाशामियाँ म्हणाले, "म्हणून त्याला जरा जास्त तेल दिलं."

तेल मी स्पिरिटने काढलं. मग त्या नराचं पोट तोडून परीक्षानळीत कॉस्टिक पोटॅशमध्ये घातलं. त्यात ते उकळत्या पाण्यावर ठेवलं की मऊ भाग विरघळतो आणि कठीण सांगाडा उरतो. त्यासाठी पातेलं हवं होतं. गौरम्माने निवडणाऱ्या बायकांच्या चहाचं पातेलं आणून दिलं आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"ह्याच्यात काय शिजून राहिलंय?"

"शिजत नाही. त्या नळीत पतंगाचं पोट आहे, नळी पाण्यात आहे."

"त्याचं ते…?"

"ते."

गौरम्माने पदर नाकाला लावला. वास काहीच नव्हता. "पातेलं आता तुमालाच, मॅडम," ती म्हणाली. "नवऱ्यावर लई चिडले तेव्हाबी मी कुणाचं हे शिजवलं न्हाई." ओट्यावर तिने काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण हसणं बराच वेळ थांबलं नाही, आणि मिल बंद झाल्यापासून तिथे कुणी हसलेलं ते पहिल्यांदाच.

पोट गार होईपर्यंत वीरेश साहेबांना एक शंका आली. "मॅडम, किती फरक आला म्हणजे वेगळी जात?"

मी १९३४ चं वर्णन उघडून दाखवलं. त्या माणसाने यादीतल्या जातीचे अकरा नर मोजले होते. पकडीची लांबी सातशे दहा ते सातशे ऐंशी मायक्रॉन. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलीमीटर.

"म्हणजे सातशे ऐंशीच्या वर गेलं की वेगळी," अप्पा म्हणाले.

"सातशे एक्क्याऐंशी आलं तर?" साहेब म्हणाले. "एका कणानं मी जहाजभर माल सोडू का?"

"माझ्या मोजण्यात पाचदहाचा फरक पडू शकतो," मी कबूल केलं. "आणि अकरांतला सगळ्यात मोठा सातशे ऐंशीचा, बारावा थोडा मोठा असू शकला असता. थोडं अंतर ठेवलं पाहिजे."

"किती?"

"ते ठरवावं लागेल."

अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि साहेबांच्या हातावर टाकला. मला आधी वाटलं हात पुसायला दिला. मग त्यांनी स्वतःचा हात त्याखाली घातला. आता बाजारात सौदे मोबाईलवर होतात, पण अप्पा जुन्या वळणाचे. भाव त्यांना टॉवेलाखाली, बोटं धरून ठरवायची सवय. वीरेश साहेबांनी हात मागे घेतला नाही. देगलूरला त्यांचे वडील बैलांच्या बाजारात होते, हे मला नंतर कळलं.

टॉवेल हलत होता. दोघांचे चेहरे कोरे होते.

"साब हजारावर बैठ गये," पाशामियाँ माझ्या कानाशी म्हणाले. ते टॉवेलाच्या घड्यांवरून वाचत होते. "अप्पा सातशे नव्वद. साब नऊशे साठ. अप्पा रागावले. आठशे म्हणतात. साब हात सोडवून राहिले… न्हाई, सोडला न्हाई."

"चाचा, जात अशी सौद्याने ठरत नाही," मी मोठ्याने म्हणाले.

टॉवेल थांबला. "मग तुमच्यात कशी ठरते?" अप्पांनी विचारलं.

मी विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. "दोन-तीन जाणकार बसतात, आणि किती फरक पुरेसा ते आपसात ठरवतात."

"टॉवेल नसतो?"

"नसतो."

"मग सगळ्यांना सगळी बोटं दिसतात की," अप्पा म्हणाले. त्यांना त्या जाणकारांची मनापासून दया आलेली दिसली. टॉवेल पुन्हा हलू लागला.

आठशे पन्नासला सौदा पटला. दोघांनी हात बाहेर काढले आणि दोघांनाही घाम आला होता. आठशे पन्नास किंवा वर, तर वेगळी जात, माल सुटला. खाली, तर माल परत. वीरेश साहेबांनी आकडा लिहून खाली सही केली, अप्पांनी सही केली, साक्षीदार म्हणून पाशामियाँनी सही केली. मोजण्याआधी मर्यादा ठरवावी आणि मग बदलू नये, असं आम्हाला एम.एस्सी.ला शिकवलं होतं. विभागात ते पाळताना मी कुणाला बघितलं नव्हतं.

पोटाचा सांगाडा पाण्यात धुतला, बारीक सुईने टोकाचा भाग वेगळा केला आणि दोन्ही पकडी उघडून काचेवर पसरवल्या. डोळ्यांनी बघितलं तर तिथे तपकिरी रंगाचा एक ठिपका होता, तिळाच्या टोकाएवढा. अख्ख्या मिलमध्ये हललं असेल ते फक्त म्हशीचं तोंड. गौरम्मा दारात, तिच्यामागे ओट्यावरच्या सगळ्याजणी. अप्पा माझ्या खुर्चीमागे इतके जवळ उभे होते की त्यांच्या श्वासाने काचेवर वाफ येत होती.

"अप्पा, जरा मागे."

ते एक पाऊल मागे गेले. "मॅडम," ते म्हणाले, आणि मी पुन्हा मॅडम झाले होते, "मोजताना हात जरा सैल ठेवा. आम्हीबी गिऱ्हाइकाला काट्यावर मूठभर जास्तच घालतो. मुळापासनं धरा, टोकाच्याबी जरा पुढं."

"मुळापासून टोकापर्यंत, अप्पा. पुढे नाही."

"बरं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, फार हलक्या आवाजात, "कमी आलं तर मला सांगू नका. साहेबांना सांगा. मी गोदामात जाऊन बसतो."

पण ते गेले नाहीत. पाशामियाँनी खिशातून फडकं काढलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत खिशात घातलं.

मी भिंग खाली आणलं. दोन्ही पकडी दिसल्या, मधाच्या रंगाच्या, टोकाला आत वळलेल्या. पट्टीचं शून्य डाव्या पकडीच्या मुळाशी लावलं. तीन वेळा मोजलं, काच काढून पुन्हा लावून आणखी तीन वेळा. मग उजवी. वीरेश साहेब पेन उघडून बसले होते.

"सांगा," ते म्हणाले.

डावी पकड, सहा मोजमापांची सरासरी: नऊशे अकरा मायक्रॉन. उजवी: नऊशे चौदा.